नीट वासन

लॉकडाउनच्या पहिल्या वर्षी नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या आमच्या घरात बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुतली जायची. दुधाचा डबा, केळी, बटाटे. एकदा तर नवऱ्याच्या ऑफिसने पाठवलेला कीबोर्डसुद्धा मी नळाखाली धरणार होते. स्वच्छतेचं वेड मला आधीपासूनच होतं, कोरोनाने त्याला फक्त परवाना दिला.

शेजारचे आजोबा निवृत्त इतिहासशिक्षक. बायको गेल्यापासून एकटेच. रोज चार वाजता मी चहा आणि ते कॉफी घेऊन कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहायचो. मी माझं डच सुधारायला, आणि ते, मला वाटतं, दिवसातून एकदा तरी कुणाशी बोलायला.

मी भारतातली म्हणून त्यांनी एक दिवस आपल्या संग्रहातलं काशाचं छोटं चौकोनी नाणं आणलं. दोन हजार वर्षांपूर्वी अफगाणिस्तान-पंजाबकडे राज्य करणाऱ्या ग्रीक राजांचं. एका बाजूला हत्ती आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला तिकडची खरोष्ठी लिपी. "राजाचं म्हणणं दोन्हीकडच्या लोकांना कळायला हवं ना," ते म्हणाले. नाणं दोन दिवस माझ्याकडे ठेवायला दिलं आणि आत जाता जाता मास्कमधून ओरडले, "नीट वासन!"

वासन म्हणजे धुणं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुकानादुकानांच्या दारांवर हात धुण्याच्या पाट्या होत्या. आणि नीट म्हणजे नीटच की! आजोबा माझ्यासारखेच काटेकोर निघाले म्हणून मला काय आनंद झाला! चिंच, मीठ आणि जुना ब्रश घेऊन देवाची भांडी घासते तसं नाणं घासलं. हिरवट थर निघून गेला आणि हत्ती लख्ख झाला.

नवरा कॉल म्यूट करून किचनमध्ये आला. मी आजोबांचं 'नीट वासन' सांगताच तो ओरडला, "अगं, डचमध्ये नीट म्हणजे 'नाही'! फर्स्ट लेसनमध्येच असतं हे. तो हिरवा पॅटिना, जुनेपणाची खूण, गेला आता, परत येणार नाही."

मला रडूच फुटलं. उद्या चारला ते कुंपणाशी आले, तरी परवा येतील का, हीच धास्ती.

दुसऱ्या दिवशी सगळं कबूल केलं. त्यांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "दोन हजार वर्षं लागली होती या रंगाला," एवढंच म्हणाले. माझ्या भाषेत नीट म्हणजे व्यवस्थित, हे मी मोडक्यातोडक्या डचमध्ये समजावलं. ते कॉफी न संपवताच आत गेले.

पुढचे तीन दिवस चारला कुंपणापाशी मी एकटीच. चहाला चव लागेना.

चौथ्या दिवशी पत्रपेटीत एक पाकीट आलं. आत दुसरं नाणं, काळंहिरवं, मातीसकट. पाकिटावर ठळक अक्षरांत, डचमध्ये, 'नीट वासन'. आणि त्याखाली, मोबाईलमध्ये बघून एकेक अक्षर गिरवलेलं, शिरोरेघ द्यायची राहून गेलेलं: 'धुऊ नका'.

पावणेचार झाले होते. मी चहाचं आधण ठेवलं.