अलीशिबेचा उतारा

डिसेंबर १९६१, दुसरा शनिवार. मी नाताळच्या करंज्यांचे सारण भाजत होते. आमच्या मराठी मंडळीच्या भगिनी मंडळाच्या अध्यक्षीण काकू दारात आल्या. बसल्याही नाहीत.

"अक्का, यंदा अलीशिबेचा उतारा सुशीलाला दिलाय. तुम्ही आता स्वल्प आराम करा."

"सरी, बरं," म्हटले आणि ढवळत राहिले. थांबले असते तर सारण करपले असते.

इथे कानडी मुलखात, शिवाजीनगरात आमची मराठी ख्रिस्ती घरे थोडी, म्हणून रीती मात्र घट्ट. नाताळाआधीच्या सभेत, जिला मूल नाही तिने उभे राहून पवित्र शास्त्रातली अलीशिबेची गोष्ट वाचायची. म्हातारपणी देवाने जिला योहान दिला, ती अलीशिबा. तिला दिवस गेले इथपर्यंतच वाचन. मग सगळ्या बायका वाचणारीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षापासून हा उतारा माझ्याकडे होता. पाठ झाला, कूस रिकामीच राहिली. ज्या बायकांना शेवटपर्यंत मूल झाले नाही त्यांचा उतारा कुठे आहे, असे मी देवाला पुष्कळदा विचारले. त्याने उत्तर दिले नाही. माझ्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते काकूंनी दिले.

त्याच संध्याकाळी सभेत सुशीला उभी राहिली. नवी सून, पावसाळ्यात तिचे पोटातले मूल गेले होते. 'वांझ' या शब्दापाशी तिचा आवाज बंद पडला.

"वाच की गं," मागून तिची सासू म्हणाली. "अक्कांनी इतकी वर्षं वाचलं, त्या कधी लाजल्या का?"

"आणि उपयोग काय झाला?" कोणीतरी पुटपुटले. दोघीतिघी हसल्या.

सुशीलाने हातातले शास्त्र मिटायला घेतले. आता ती कोसळली, तर या बायका तिला जन्मभर त्याच शब्दाने ओळखतील, हे मला दिसले. मी उठले. प्रेमाने उठले असे लिहायला आवडले असते. उठले ती चिडून. तिच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच शब्दापासून पुढे तोंडपाठ म्हणू लागले.

नेहमीची जागा आली. बायका हात पुढे करून अर्ध्या उठल्या. पण माझे तोंड थांबले नाही. मरियेकडे आलेला देवदूत, तिचा होकार, डोंगराळ मुलखाची वाट, आणि अलीशिबेच्या घरात शिरणारी ती कोवळी मुलगी. हा भाग मी कधी पाठ केला नव्हता. तो त्या दिवशी कुठून आला, मला सांगता येत नाही. बायका हात आवरून पुन्हा खाली बसल्या.

"अक्का, एवढं पुढे का म्हटलंत?" निघताना सुशीलाने विचारले.

"मला काय ठाऊक!"

खरेच ठाऊक नव्हते. त्या दोन्ही अद्भुत जन्मांत माझा वाटा नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तो मी देवापुढे तसाच ठेवला आहे; त्याचे काय करायचे ते त्याने बघावे. पण ती मुलगी आणि ती म्हातारी एकमेकींना भेटल्या, तेवढे त्याने मला म्हणायला लावले, म्हणून त्याचे उपकार मानते.

रविवारी सकाळी उपासनेआधी मी सुशीलाच्या घरी गेले. सासूला बाजूला सारून आत तिच्यापाशी बसले, आणि बाळाचे नाव काय ठेवणार होतीस, ते विचारले.