फेसाची तोफ आणि मार्थाबायचे बोंबील

माझी भाची सायली नायगावला खाडीकडेच्या नव्या टॉवरमध्ये राहते. तिने पाचूबंदरच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या संगीत महोत्सवाचा फोटोग्राफरचा पास मला मिळवून दिला आणि मी नाशिकहून कॅमेरा गळ्यात अडकवून निघाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी दिसेल त्याचा फोटो काढते, त्यामुळे घरच्यांनाही मी चार दिवस बाहेर गेलेली बरीच वाटते. ऐनवेळी सायलीला ऑफिसने बोलावलं. मग नायगावहून मी एकटीच रिक्षात बसले. कोण गाणार आहे म्हणून रिक्षावाल्याने विचारलं. पासवरची नावं मी त्याला वाचून दाखवली. त्याने एकही ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं, पण मी तसं कशाला सांगू?

फाटकावर रखवालदाराने अडवलं. मोठा कॅमेरा आत न्यायचा नाही म्हणाला. मी पास दाखवला, त्यावर ठळक ‘फोटोग्राफर’ लिहिलं होतं. फोटोग्राफरने मोबाईलवर काढावेत, असा त्याचा सल्ला होता. शेवटी कानात वायर घातलेला, दाढी राखलेला एक मुलगा धावत आला आणि मला आत घेऊन गेला. त्याचं नाव केदार, सगळ्या मैदानाचा कारभार त्याच्याकडे होता.

आत गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. मंच असा उभारला होता की समुद्र पार झाकला गेला होता, आणि मंचावरच्या पडद्यावर समुद्राची चित्रफीत चालू होती. खऱ्या लाटा मागे आपटत होत्या, लोक पडद्यावरच्या लाटांचे फोटो काढत होते. मीही काढले, काय करणार? एक गायक डोळे मिटून डोंगरांच्या आठवणीने व्याकूळ झाला होता. एकच ओळ तो इतक्या वेळा म्हणाला की मला ती पाठ झाली, अर्थ मात्र शेवटपर्यंत लागला नाही. भूक लागली म्हणून ‘कोस्टल बाउल’ घेतला. कागदी वाडग्यात भात, वर दोन कोळंब्या आणि एक फूल. फूल खायचं की ठेवायचं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

गर्दीच्या मागे वलांड्या (बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव) होत्या. आयोजकांनी त्यांच्यावर दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या आणि पोरंपोरी एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने तिथे सेल्फी घेत होती. तिथे लुगडं खोचलेली, साठीची एक बाई दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत होती. तिचं नाव मार्था. तिला सगळे मार्थाबाय म्हणत. माझ्या वाडग्यातलं फूल बघून ती हसली आणि मला चहा आणि भाकरीवर भाजलेला सुका बोंबील दिला. दिवसभरात पोटात गेलेली खरी गोष्ट तेवढीच.

गावकीने वलांडीच्या अलीकडची जागा महोत्सवाला दिली होती. दोऱ्यांना कुणी हात लावणार नाही, असं ठरलं होतं. तरी माळा आल्या, मार्थाबायने ते चालवून घेतलं. पण आता तिच्या कानावर आलं होतं की दुपारनंतर तोफेसारख्या यंत्रातून लोकांवर साबणाचा फेस उडवणार आहेत. दोरीवर होती ती तिची या मोसमातली शेवटची सुकवण. होड्या वर ओढल्या की पावसाळाभर घरात खायला आणि बाजारात विकायला हेच. अर्धवट सुकलेले बोंबील काढून ढीग घातला तर कुजतात, टांगून ठेवले आणि पाणी लागलं तर अळ्या पडतात.

मी तिला घेऊन केदारकडे गेले. तो अगदी गोड बोलला. फेस बायोडिग्रेडेबल आहे, म्हणाला. मार्थाबायने माझ्याकडे बघितलं. म्हणजे कुजून जाणारा, असं मी सांगितलं.

“मंग माजे बोंबील पन तसेच हायेत,” ती म्हणाली. “पानी लागलं का कुजतात. तोफ तेवडी बंद ठेव बाबा.”

तोफेचं तोंड दुसरीकडे आहे, वाऱ्याचा अंदाज ॲपवर बघितलाय, असं सांगून केदारने विषय मिटवला. वारा कुठला हे कळायला ॲप कशाला हवं होतं? बोलता बोलता त्याची स्वतःची टोपी दोनदा उडून वलांडीकडे गेली होती आणि दोन्ही वेळा तोच तिच्यामागे धावला होता.

व्हायचं तेच झालं. तोफ सुटली आणि फेसाचे लोट गर्दीवरून थेट दोऱ्यांकडे आले. मार्थाबायने हाक मारताच तिची जाऊ रेजिना आणि शेजारच्या बायका होड्यांवरच्या ताडपत्र्या ओढत आल्या. वलांडीपुढे त्यांनी ताडपत्र्यांची भिंत धरली. एक कोपरा मोकळा फडफडत होता, तो मी पकडला. हात खांद्यातून निखळतील असं वाटत होतं. गर्दी आमच्याकडे वळली आणि टाळ्या वाजवायला लागली. मंचावरच्या ढोलवाल्याने तर आमच्या ओढाताणीवर ठेका धरला! हा पारंपरिक कोळी नाच आहे का, असं एका मुलीने मला विचारलं. मी तिला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फेस ओसरत आला तेव्हा एका हाताने मी एक फोटो काढला.

बहुतेक बोंबील वाचले. कडेच्या दोन ओळी भिजल्या. मार्थाबाय जबडे सोडवून एकेक जोडी माडाच्या बुंध्याला खत म्हणून घालायला टोपलीत टाकत होती. तेवढ्यात केदार आला. कार्यक्रम फारच रंगला, म्हणाला, उद्याही असंच कराल का?

“उद्या ताडपत्री तू धर,” मार्थाबाय मान वर न करता म्हणाली, “मी नाचते.”

दुसऱ्या दिवशी मी नाशिक गाठलं. पासाच्या अटीप्रमाणे फोटो दाखवणं भाग होतं, म्हणून ते केदारला पाठवले. त्याचा फोन आला. ताडपत्रीवाला फोटो त्याला पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी हवा होता, फक्त मागचे मासे पुसून द्यायचे होते. मग या बायका ताडपत्री धरून का उभ्या आहेत हे लोकांना कसं कळणार, असं मी विचारलं.

“काकू, ते कळायला कशाला हवं?”

मी फोन ठेवला. सणक अशी डोक्यात गेली की दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी त्या फोटोची मोठी प्रत काढून कुरियरने सायलीला पाठवली आणि तिच्या हाती मार्थाबायकडे पोचवली. पुढचं सायलीकडून कळलं. गावकीच्या बैठकीत पंच म्हणत होते, कुणाचं काही नुकसान झालेलं नाही, पुढच्या वर्षीही जागा द्यायला हरकत नाही. मार्थाबायने तो फोटो त्यांच्यापुढे ठेवला. पुढे फेसाने माखलेल्या बायका, मागे दोरीवर बोंबील, आणि कडेच्या दोन ओळींतून पाणी ठिबकताना स्पष्ट दिसतंय. जागा द्यायची नाही असं ठरलं.