जेवणाच्या टेबलावरचं बंदर

त्याचं दुकान चष्म्यांचं. आठवडाभर लोकांच्या नाकावर काचा चढवायच्या आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लढाई मांडायची, हे लग्नाआधीपासूनचं. जुन्या युद्धातलं एक बंदर, चौकोन आखलेला नकाशा, बटणांची जहाजं, मोडक्या चष्म्यांच्या काड्यांच्या क्रेन आणि फासे. लग्नानंतर शत्रू ठरलेला: बायकोचा धाकटा भाऊ.

"सेनापती, युद्ध आवरा, ताटं मांडायचीत," बायको ओरडायची.

हल्ली ओरडत नव्हती. खरं युद्ध जवळ आलं होतं आणि त्यांची मुलगी खऱ्या बंदरात क्रेन चालवत होती. टेबलावर आता तिचंच बंदर होतं; तिला विचारून विचारून मांडलेले धक्के, गोदामं, तेलाच्या टाक्या. हल्ला झालाच तर ती कुठे वाचेल, एवढंच त्याला शोधायचं होतं. जेवणं मांडीवर ताट घेऊन चालली होती. टेबलावरच्या तिच्या क्रेनला आईने लाल दोरा बांधला होता.

"दाजी, आज मुकाट्याने शरण या," मेहुण्याने फासे खुळखुळवले. टाक्या गेल्या, गोदामं गेली. उरला क्रेनचा धक्का. मेहुण्याचं जहाज धक्क्याला भिडणार, एवढ्यात सवयीने दाजींचाच हात पुढे झाला आणि त्याने क्रेनच्या सगळ्या काड्या आडव्या पाडल्या.

"उडवला धक्का! घे आता रिकामं बंदर."

"झालं, जिंकले दाजी," मेहुणा कुरकुरला. "नेहमीचा रडीचा डाव."

बायको लाल दोऱ्याकडे बघत होती. "शत्रू हा आहे ना? मग क्रेन तुम्ही का पाडल्या?"

"बंदर जाणारच असलं, की आधी आपणच मोडायचं. त्यांच्या कामी येऊ नये म्हणून."

"खेळात?"

इतके दिवस तो नकाशावर फक्त समुद्राकडे, शत्रू येईल त्या बाजूला, बघत बसला होता. त्याने फोन लावला.

"बाबा, कोण हरलं?" मुलगी वर, क्रेनच्या केबिनमध्येच होती.

"धक्क्यावर कोण आहे?"

"आपलेच सैनिक. सकाळपासून क्रेनच्या पायांशी पेट्या बांधतायत. विचारलं तर म्हणतात, तुम्ही काम करा."

"खाली उतर."

"जहाज अर्धं भरलंय, बाबा. सेनापतींचा हुकूम का?"

"उतर गं बाई," आई मागून म्हणाली. तो आवाज ऐकून मुलगी हसायची थांबली.

मग फोनमध्ये नुसता वारा आणि लोखंडी शिडीवरची पावलं. कुणीतरी दरडावलं, "ओ, कुठे निघालात?" ती म्हणाली, "पोटात कळ आलीय." पावलं भराभर पडू लागली. तिघंही टेबलाला धरून उभी होती.

"फाटकाबाहेर आले," ती धापा टाकत म्हणाली.

आईने डोळे मिटले.

"पण बाबा, बाकीचे सगळे वरच आहेत. त्यांना काय सांगू?"

तो टेबलावर आडव्या पडलेल्या काड्यांकडे बघत राहिला. लाल दोऱ्याची काडी त्याने कधीच उचलून मुठीत घेतली होती.