डुक्कर, पद्मिनी आणि दोन कप चहा

वसंत गेल्याचं त्याच्या मुलीने, मृणालने, फोनवर सांगितलं तेव्हा मी माझी पद्मिनी पुसत होतो. फडका हातातच राहिला... आता भांडायचं कोणाशी, हेच पहिलं मनात आलं.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दोघांच्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या असायच्या. कंपनी एकच, पिढ्या दोन. त्याची वडिलांकडून आलेली. गोलमटोल अंगामुळे सगळी मुंबई जिला लाडाने ‘डुक्कर’ म्हणायची ती. पुढची दारं उलटी उघडणारी, गादी अशी की बसलं की उठवत नसे. माझी पद्मिनी तिच्याहून तीसेक वर्षांनी धाकटी, चौकोनी, नाकीडोळी नीटस. सरस कोण? दर रविवारी सकाळी आम्ही निकाल लावायचो. दोन्ही इंजिनं चालू करायची, दोन्ही बॉनेटवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचा. ज्याचा सांडेल तो हरला. लोक खिडक्यांतून बघायचे आणि मी हटकून हरायचो! वसंत आपल्या कानतुटक्या कपातला चहा निवांत पिऊन म्हणायचा, “तुझी दिसायला झकास आहे रे, पण हिच्या पोटात शांती आहे.” असा राग यायचा! मग त्याच डुकरातून आम्ही भांडुपला मिसळ खायला जायचो, आणि वाटेत तो पद्मिनीचं इतकं कौतुक करायचा की राग टिकत नसे.

गेल्या रविवारी मृणालने बोलावलं. डुक्कर विकायची म्हणत होती, सांभाळणार कोण? म्हटलं, एक शेवटची शर्यत होऊ दे. ती चहा घेऊन खाली आली, त्यात तोच कानतुटका कप. डुक्कर खोकत खोकत सुरू झाली, आणि बघता बघता वसंतचा चहा बॉनेटवरून ओघळला. माझा थेंबभरही सांडला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी जिंकलो होतो! टाळी मागायला हात पुढे गेला... आणि समोर वसंत नव्हता. मला रडू आवरेना.

मृणालने कप उचलला, डुकराचं बॉनेट उघडलं आणि घरातून स्क्रू-ड्रायव्हर आणला.

“काका, तुम्ही खाली यायच्या आधी बाबा दर रविवारी हा स्क्रू फिरवून ठेवायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला.”

लबाड लेकाचा! मी रडता रडता हसायला लागलो. तिने स्क्रू जरासा फिरवला, कान लावून ऐकलं, पुन्हा फिरवला. इंजिनाचा खोकला थांबला. बॉनेट बंद करून तिने कानतुटका कप पुन्हा भरून त्यावर ठेवला. तो जागचा हलला नाही.

मृणालने तो चहा निवांत पिऊन टाकला, अगदी बापासारखा.

“आज बरोबरी,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी बघते तुम्हाला.”