भट्टीच्या डोळ्यात ऊन

यंत्राला चहा लागत नाही, हा शोध आमच्या सेठनं लावला, आणि त्याच दिवसापासून सगळा घोळ सुरू झाला.

गोंदियाहून दवनीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती मिल होती. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. धान भिजवायचं, वाफवायचं आणि पटांगणात उन्हात पसरून पायानं फिरवायचं. आम्ही सहा बाया ते काम करायचो. शतक बदलून तीन-चार वर्षं झाली असतील. त्या वर्षी दिवाळीनंतर सेठनं कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून धान सुकवायची एक जुनी मशीन उचलून आणली. तिला डिझेलवर पेटणारी भट्टी होती. अरे बाबा, मिलच्या मागे भुशाचा डोंगर पडलेला, आणि हा माणूस डिझेल जाळणार! रस्त्यानं जाणारे लोक उभे राहून हसायचे. पण सेठचं म्हणणं, पटांगणात दोन दिवस लागतात, इथं काही तासांत धान वाळतं.

आता आम्हाला घमेली भरभरून त्या मशीनच्या तोंडात ओलं धान टाकावं लागे. पटांगणात होतो तेव्हा दहा वाजता आणि चार वाजता चहाला बसायची रीत होती. पहिल्याच दिवशी दहा वाजता आम्ही घमेली खाली ठेवली, तर सेठ ओरडला, "मशीन चाय नहीं पीती! चलो, चलो!"

मशीन नाही पीत, आम्ही तर पितो ना! पण सेठसमोर बोलायची सोय नव्हती.

भट्टीवर एक म्हातारा होता. आम्ही त्याला बाबाजी म्हणायचो. आधी तो भुशाच्या बॉयलरवर होता. सारी उमर आग हाकण्यात गेली, भुवया कायमच्या जळालेल्या. तो आणि त्याची बुढी मिलच्याच आवारात एका खोलीत राहायचे. गावात घर नाही, शेत नाही, मूलबाळ नाही. चहा बुढीच करायची, आलं ठेचून, असा की त्याच्या वासानंच अर्धा थकवा जावा. पण बाबाजी स्वतः भारी खडूस. घमेलं थोडं सांडलं की खेकसायचा, "डोरे फुटले का वो?" डोळ्याला आमच्याकडे डोराच म्हणतात.

आणि डोरा त्या भट्टीलाही होता, आत आग आहे की नाही ते बघणारा. मशीन बसवायला नागपूरचा मिस्त्री आला होता, त्यानं बाबाजीला समजावून सांगितलं तेव्हा मी घमेलं घेऊन बाजूलाच उभी होते. सातवीपर्यंत शिकलेली आणि कान लांब, त्यामुळे सगळं लक्षात राहिलं. भट्टी पेटायच्या आधी पंखा अर्धा मिनिट फिरतो आणि आतला जुना धूर काढतो. तेवढा वेळ डोळ्याला अंधारच दिसला पाहिजे. उजेड दिसला तर त्याला वाटतं, आत आधीच आग आहे, काहीतरी गडबड आहे. मग तो सगळं बंद करतो, लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. आग पेटली की बरोबर उलटं. मग उजेड दिसलाच पाहिजे, हिरवा दिवा लागलेलाच पाहिजे. उजेड गेला की डोळा डिझेल तोडतो. "आणि एकदा लाल दिवा लागला की पाव तास हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाला.

पाव तास. हा शब्द माझ्या डोक्यात बसून राहिला.

भट्टीच्या पाठीला, आम्ही धान टाकायचो त्या बाजूला, आत डोकावायला काच लावलेलं एक भोक होतं. ते बरोबर डोळ्याच्या समोर आणि तोंड दक्षिणेला, म्हणजे थंडीच्या दिवसात समोर लखलखीत ऊन. एक दिवस माझ्या डोळ्यात धानाचं कुसळ गेलं. कमरेच्या बटव्यात छोटा गोल आरसा असायचा, तो काढून मी बघत होते. भट्टी थोडी थांबली होती, तिचा पंखा नुकताच सुरू झाला. आरशातला कवडसा इकडे तिकडे फिरत त्या काचेवर गेला, आणि भोंगा! मशीन बंद. बाबाजी डोकं खाजवत उभा. आम्ही पाव तास बसलो.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. पंखा लागला, आरसा दाखवला, भोंगा! अगं बाई, मला तर हसू आवरेना. बाकीच्या पाचजणींना सांगितलं, तर एक जण हसता हसता धानाच्या ढिगावर लोळली. मग आमचं ठरलंच. दहाच्या सुमारास एकदा, चारच्या सुमारास एकदा. भट्टी गरम झाली की आपोआप थांबायची आणि थोड्या वेळानं पुन्हा पेटायची, त्यामुळे संधीची कमी नव्हती. मी आरसा काढायची, पदरानं पुसायची आणि पंख्याची वाट बघायची. सेठ तिकडून ओरडायचा, "फिर क्या हुआ?" बाबाजी म्हणायचा, "डोऱ्याले काई दिसून राह्यलं जी!" आणि नवल असं की भोंगा वाजतो न वाजतो तोच बुढी उकळत्या चहाचं पातेलं, आमच्याकडचा गंज, घेऊन दारात हजर. आम्हाला वाटायचं, म्हातारी या वयातही काय चपळ आहे!

खरं सांगते, इतका गोड चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही. चोरून मिळालेला होता ना!

पंधरा-वीस दिवस असे मजेत गेले. मग एका बुधवारी सेठ भट्टीजवळ आला आणि सगळ्यांसमोर बाबाजीला म्हणाला, की दोष मशीनचा नाही, तुझा आहे. तुला ही मशीन झेपत नाही. शनिवारी नागपूरचा मिस्त्री येतो. त्याच्यासमोर मशीन बंद पडली तर सोमवारपासून नवा माणूस. "और कमरा भी खाली करना पड़ेगा, नया आदमी कहाँ रहेगा?"

बुढी दारात गंज घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली.

खोडी आमची आणि घर जायचं त्या म्हाताऱ्यांचं! आरसा बटव्यात ठेवला, आणि शपथ, गुरुवारी बाहेर काढला नाही. तरी भोंगा वाजला, तोही दोनदा! यावेळी खरंच आग विझली होती. डिझेलच्या ड्रमात तळाला पाणी होतं. बाबाजीनं सेठला ते सांगूनही पाहिलं होतं, पण सेठला ते म्हाताऱ्याचे बहाणे वाटले. शुक्रवारी पुन्हा तेच.

शुक्रवारी घरी भाकरी थापताना माझ्या डोक्यात दिवा लागला. आग पेटल्यावर डोळ्याला उजेडच पाहिजे ना? मग उजेडाची आपल्याकडे काय कमी! पंखा फिरेपर्यंत आरसा लपवायचा, आग पेटली की कवडसा काचेवर धरून ठेवायचा. आत आग गेली तरी डोळ्याला उजेड दिसत राहील. भोंगा वाजणार नाही, मिस्त्री खूश, बाबाजीची खोली वाचली! मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की तव्यावरची भाकरी करपली. तेव्हाच समजायला हवं होतं.

शनिवारी मिस्त्री आला. सेठ त्याच्या बाजूला घड्याळ बघत उभा. मी मागच्या बाजूला, काचेसमोरच्या पोत्यांच्या थप्पीवर केस विंचरायचं सोंग करून बसले. भट्टी पेटली, हिरवा दिवा लागला, मी कवडसा काचेवर टेकवला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मधे भट्टी आपोआप थांबली की आरसा लपवायचा, पेटली की पुन्हा धरायचा; हात अवघडून गेला. सेठच्या तोंडावर हसू आलं. मी मनात म्हटलं, बघ रे बाबाजी, तुझ्यासाठी काय करून राहिले मी!

आणि एकदम बाबाजीनं मान वर केली. कुत्रं कान टवकारतं तसा.

"आग मेली!"

मिस्त्री म्हणाला, "काका, हिरवा दिवा चालू आहे."

"दिवा राहू द्या. आवाज आयका!" असं म्हणेपर्यंत बाबाजीनं धावत जाऊन डिझेलची तोटी पिळली आणि मेन स्विच ओढला. मशीन थांबली. मग आम्हाला दिसलं, चिमणीतून पांढरा धूर निघत होता आणि सगळीकडे कच्च्या डिझेलचा वास सुटला होता. आत आग नव्हती आणि डिझेल मात्र फवारत राहिलं होतं.

मिस्त्रीचं तोंड पांढरं पडलं. तो म्हणाला, "अजून थोडा वेळ गेला असता ना, आतल्या तापलेल्या विटांवर भडका झाला असता. भट्टी फुटली असती. मागच्या बाजूला असलेल्यांपैकी कोणी उरलं नसतं." मागच्या बाजूला म्हणजे आम्ही सहाजणी. सगळ्यात जवळ मी.

सेठनं सरळ बाबाजीची गचांडी धरली. "तूने आँख में कुछ गड़बड़ की! लाइट हरी रखने के लिए! आज ही बोरिया-बिस्तर बाँध!"

बाबाजी खाली मान घालून उभा राहिला. एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मान खाली. मला वाटलं, बोल की रे म्हाताऱ्या, नाही केलं म्हण! बुढी दाराला धरून खाली बसली.

मग माझ्यानं राहवलं नाही. मी थप्पीवरून उडी मारली. आरसा पुढे करून म्हटलं, "सेठजी, मैंने किया. आज भी, और वो रोज का भी."

सेठला पटेना. म्हणे, इत्तासा आईना? मिस्त्रीनं डिझेल बंदच ठेवलं, फक्त वीज चालू केली आणि मला म्हणाला, दाखव. मी पंखा अर्धा मिनिट फिरू दिला आणि मग कवडसा मारला. विझलेल्या भट्टीचा हिरवा दिवा ऐटीत लागला. मिस्त्री आधी हसला, मग त्यानं मला अशा शिव्या घातल्या की काय सांगू. मला त्या लागल्याही. माझ्या पाच मैत्रिणी तिथेच उभ्या होत्या, आणि त्यांची लेकरं घरी होती.

सेठ मला म्हणाला, निघ. पण मिस्त्री मध्ये पडला आणि म्हणाला, "सेठजी, या भोकावर झाकण लावायचं मीच विसरलो होतो. आणि एक सांगतो, डोळ्याला फसवता येतं, या काकांच्या कानाला नाही. यांना काढलंत तर मी ही मशीन बघायला येणार नाही." मग कुठे बाबाजी बोलला, "इले माह्याजवर द्या जी. जे डोऱ्याले फसवते, तेच डोरा सांभारल."

अशी मी शिक्षा म्हणून भट्टीवर बसले. पुढे तेच माझं काम झालं. भोकावर पत्र्याचं झाकण आलं, ड्रमचं पाणी काढलं गेलं. आणि सेठनं, झक मारून का होईना, दहाचा आणि चारचा चहा परत दिला.

पहिल्याच दिवशी चहाला बसलो तेव्हा मी बाबाजीला विचारलं, "तुमाले मालूम होतं का जी, आरशाचं?"

"पहिल्याच दिवशी," तो म्हणाला. "तू पदरानं आरसा पुसाले लागली, का मी बुढीले हात करत होतो. गंज चढव म्हनून."

चहा भोंग्याबरोबर उकळून तयार असायचा तो असा!

"मंग शनवारी सेठले काऊन नाही सांगतलं? खोली चालली होती ना तुमची!"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "सांगतलो असतो त तू गेली असती. मंग चहा कोन पाजला असता मले?"

माझे डोळे भरून आले, हसूही फुटलं, आणि चहा नाकात गेला. बुढी गंज घेऊन उभी होती. तिनं घाबरून विचारलं, "काऊन वो बाई, साखर कमी झाली का?"