डावं बघ, गंगाधर!

दोन हजार बावीस साल. शिमगा होऊन गेला होता, ज्वारी काढून झाली होती, ऊन तापायला लागलं होतं. आमच्या गंगाधरचे किस्से तेव्हापासून साठायला लागले. मी चौथीत शाळा सोडली, लिहिण्याचा मला नाद नाही. पण मैदानावर रोज कोणीतरी म्हणतं, "नाना, तो लाडूचा सांगा की!" तेच तेच सांगून कंटाळलो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गाव आमचं ताडकळसच्या बाजूला. कबड्डीचा संघ मी उभा केला. जिल्ह्यात आमचं नाव घेतात, आणि घ्यायलाच पाहिजे. गंगाधर चढाईला, उत्तम डाव्या कोपऱ्यात. दोघं एका वर्गातले, दोघांच्या शेताला एकच बांध.

त्या दिवशी दोन बाजू पाडून सराव चालला होता. गंगाधर चढाईवर आला. उत्तमनं झेप घेतली, आणि त्याचा गुडघा गंगाधरच्या उजव्या कानशिलावर बसला. राग नव्हता, खुन्नस नव्हती. खेळ होता.

नांदेडला मेंदूचं ऑपरेशन झालं. बरेच दिवस तो शुद्धीवर नव्हता. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर वाकून विचारायला लागले, "गंगाधर, हे कोणतं गाव? आज वार कोणता?"

गंगाधरनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाला, "नाना, माझा हात रेषेला लागला व्हता का न्हाई?"

"लागला व्हता."

"मग पॉइंट आपला!" म्हणाला, आणि परत झोपला.

डॉक्टर म्हणाले, "चांगलं लक्षण आहे."

मी म्हणालो, "पॉइंट होताच."

*

घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं. डोळे चांगले आहेत, पण डाव्या बाजूला काय आहे ते त्याच्या मेंदूला कळत नाही. डावा हातही कमजोर राहील. सारखी आठवण करून द्या. आणि कबड्डी बंद. डोक्याला दुसरा मार सोसायचा नाही.

गावानं हुकूम मनावर घेतला. गंगाधर दिसला की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "डावं!" मग तो मान वळवायचा आणि राहिलेलं जग बघायचा.

पहिल्या आठवड्यात त्यानं बायकोवर आवाज चढवला. "सुमन, अर्धी भाकर वाढायलीस? मी काय पाहुणा हाय का?"

सुमननं ताट धरलं आणि गर्रकन फिरवलं. डावीकडची अर्धी भाकर आणि पिठलं उजवीकडं आलं.

"आता कसं!" गंगाधर म्हणाला. "मागितल्याबिगर देत न्हाईस तू."

*

लग्नाची पंगत होती. गंगाधर माझ्या शेजारी. वाढपी आला, लाडू ठेवून गेला. ठेवला डावीकडं. गंगाधर ओरडला, "लाडू आला न्हाई हिकडं!" दुसरा आला. तोही डावीकडं. परत ओरडला. माणसं हसायला लागली. वाढप्यानं चौथा ठेवला तरी गंगाधरचं चालूच, "कसले कंजूस लोक हायत, नाना! पोरीच्या लग्नात एक लाडू सुटंना!"

मुलीचा बाप पलीकडंच उभा होता. मी दम दिला, "डावं!"

त्यानं मान वळवली. चारही लाडू बघितले. मग उठून मुलीच्या बापाला हात जोडले.

"पाव्हणं, तुमी लय दिलदार हाव! पण एकदम चार खाईल कोण?"

*

दाढी तो स्वतःच करायचा. एकदा सुमन माहेरी गेली होती. गडी अर्धी दाढी करून, अर्ध्याच मिशा ठेवून ताडकळसच्या बाजारात हजर!

भाजीवाल्यानं विचारलं, "पैलवान, ही काय फॅशन म्हणायची?"

गंगाधरनं गालावरून हात फिरवला. सगळं त्याच्या ध्यानात आलं. पण खेळाडू माणूस, खाली कशाला बघेल?

"नमुना हाय," तो म्हणाला. "आवडली तर दुसरी बाजू करणार."

*

घरात बसून त्याचा जीव रमेना. मैदानावर यायचा, रेषेजवळ उभा राहायचा. मी सांगितलं, "आत पाय टाकलास तर तंगडी मोडीन." तो म्हणाला, "मग बाहेर काम द्या."

मी खुर्ची टाकली, सगळं मैदान त्याच्या उजवीकडं येईल अशी. शिट्टी दिली. पंच केलं. नियम त्याला पाठ होते, आणि तो कुणाची भीड ठेवत नव्हता.

एकदा बाहेरगावचा संघ हरला. त्यांचा कप्तान माझ्या अंगावर आला. "नाना, तुमच्या पंचाला अर्धंच दिसतं!"

मी म्हणालो, "बाकीच्या पंचांना तेवढंबी दिसत न्हाई."

*

उत्तमनं मात्र खेळ सोडला होता. मैदानावर रोज यायचा, पण गंगाधरच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला खाली बसायचा. तिथं बसलं की गंगाधरला दिसायचं नाही. गंगाधर रस्त्यानं निघाला की हा डावीकडून चालायचा. मोटारसायकली त्याच बाजूनं अंगावर यायच्या, आणि गंगाधरला त्या कळायच्या नाहीत. उत्तम हात आडवा करून त्या थांबवायचा. तोंडातून शब्द नाही.

गंगाधर छाती फुगवून सांगायचा, "मी एकटा जातो, एकटा येतो. मला कोणी लागत न्हाई!"

डावीकडं उत्तम मान खाली घालून उभा.

गंगाधर अधूनमधून विचारायचा, "नाना, उत्तम कुठं गेला ओ? पुण्याला कामाला गेला का?" उत्तम हातभर अंतरावर. एरवी शेंगदाण्यासाठीही "डावं!" म्हणून ओरडणारं गाव तेवढ्या वेळी गप्प बसायचं. मीही.

मी उत्तमला बाजूला घेऊन म्हणालो, "कोपरा रिकामा हाय. खेळ."

"न्हाई नाना. त्याची उधारी हाय माझ्यावर. ती फिटल्याबिगर रेषेच्या आत पाय टाकणार न्हाई."

"कशी फिटायची?"

"तेच कळंना," तो म्हणाला.

*

यंदाच्या थंडीतली गोष्ट. आमच्याच मैदानावर स्पर्धा ठरली होती. सराव चालू होता. डाव्या कोपऱ्यातून एकेक चढाई सुटत होती, आणि मी शिव्या देत होतो. गंगाधरनं शिट्टी मारली. खेळ थांबला.

कोणी ओरडलं नव्हतं. त्यानं आपली आपण मान वळवली. डावीकडं. पार खांद्यापर्यंत.

उत्तम उठून पळायला निघाला.

"बस खाली," गंगाधर म्हणाला. "लय दिवस झाले, तुझ्या चपला वाजायल्यात. तुझ्या उधारीचंबी कानावर आलंय."

उत्तम बसला.

"डोकं पुढं कर."

"गंगा..."

"कर म्हणलं ना!"

उत्तमनं डोळे मिटले आणि डोकं पुढं केलं.

गंगाधरनं उजव्या हातानं आपला डावा हात उचलला. बोट अंगठ्याला लावायला त्याला वेळ लागला. मग त्यानं उत्तमच्या कानशिलावर एक टिचकी मारली.

"फिटली," तो म्हणाला, आणि शिट्टी तोंडात धरली.

उत्तम उठला. रेषेला हात लावला, कपाळाला लावला, आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.