बाबांनी उसवलेली जीन

संग्रामपूरच्या स्टँडवर शेगावची एसटी लागली तेव्हा आई रडत होती आणि बाबा कंडक्टरशी बोलत होते. माझ्याशी त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. आम्ही घरचे शिंपी. ओट्यावर दोन मशिनी; एकीवर बाबा, एकीवर मी. माझी मशीन रिकामी टाकून मी मुंबईच्या एका टेलरकडे नोकरीला निघालो होतो. गाडी हलली तसे बाबा खिडकीशी आले आणि माझ्याऐवजी माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "पाहा हो, घरी मशीन असून हा मशीन चालवाले मुंबईले चालला." त्या म्हाताऱ्यानं शेगाव येईपर्यंत माझ्याकडे कीव करून पाहिलं.

तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना सांगायला नको, पहिलं वर्ष जिभेचं असतं. मी "काऊन" म्हटलं की सगळं दुकान हसायचं. मग मी "का" म्हणायला शिकलो, "मला" म्हणायला शिकलो, आणि दुकानाचे कटिंग मास्टर गफूरभाई यांच्याकडून पँट कापायला शिकलो.

एकदा एक खलाशी जाडजूड निळी पँट लांबी कमी करायला देऊन गेला. ती माझी पहिली जीन. पहिल्याच शिवणीला माझी सुई मोडली, मग दुसरी. गफूरभाईंनी तेव्हा तिची कुळकथा सांगितली. अमेरिकेत ही खाणीतल्या मजुरांची पँट. दगडांनी खिसे फाटायचे म्हणून कोपऱ्यांवर तांब्याचे खिळे ठोकलेले. पुढे गुराख्यांनी घेतली, मग कॉलेजातल्या पोरांनी. आधी सरळ होती, मग नळीसारखी तंग झाली, आणि आता गुडघ्याखाली घंटेसारखी पसरली होती. खलाशाचं जहाज गेलं, पँट राहिली. वर्षभर वाट पाहून गफूरभाईंनी ती मला देऊन टाकली.

दिवाळीला मी ती घालून गावी आलो. स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता मी तिच्या बॉटमनं, म्हणजे खालच्या घेरानं, झाडतच आलो म्हणा ना. आई म्हणाली, "खाली इतकं कापड सोडलं, अन् वर काऊन कमी पडलं रे?" बाबांनी तोंडाकडे पाहिलंच नाही, गुडघ्याकडे पाहिलं.

"रंग उडाला हिचा."

"फॅशन आहे, बाबा." आणि मी गफूरभाईंची सगळी कथा त्यांना ऐकवली.

"म्हंजे मजुराची पँट," बाबा म्हणाले. "ते तं इथंबी भेटली असती."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आलो तर खुंटीवर जीन नाही. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर माझ्या जीनचे सुटे तुकडे, आणि बाबांच्या हातात ब्लेड.

"बाबा, काय केलं हे!"

"पाहून राह्यलो." थोडा वेळ ते दोरे वेचत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "पोट्टे आता खामगावले जातात शिवाले. पाटलाचा पोट्टा म्हणे, काका, तुमाले बेलबॉटम नाही जमत. वाटलं तुले विचारावं. मंग वाटलं, लेकाले काय विचाराचं? पँटलेच विचारतो."

मी भांडायच्या तयारीत होतो, पण मागच्या भागाच्या दोन तुकड्यांवर त्यांनी खडूनं एक-दोन लिहून ठेवलं होतं, मुलांच्या पाटीवर लिहितात तसं. मी टॉवेलवरच खाली बसलो. घंटा गुडघ्यापासून कुठे सुटते, शिवण दोनदा दुमडून कशी घेतात, सगळं दाखवलं. कटिंग चुकलं की याच माणसानं माझ्या बोटांवर लाकडी पट्टी मारली होती. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, "पट्टी सरळ धरा!" अगदी त्यांच्याच आवाजात. मी घाबरलो. आई दारात थबकली. बाबांनी पट्टी सरळ धरली.

परत शिवताना तीन सुया मोडल्या आणि एक पाय उलटा लागला. उजवी घंटा पुढे पसरायची, डावी मागे. परतीच्या गाडीत बसलो तेव्हा माझा अर्धा बॉटम मुंबईकडे होता, अर्धा घराकडे. गफूरभाईंनी ती बराच वेळ निरखली आणि विचारलं, "ये कट कहाँ का है?" मी म्हणालो, "संग्रामपूरचा."

महिन्याभरात बाबांचं पोस्टकार्ड आलं. पाटलाच्या पोराचं बेलबॉटम झालं. सव्वीस इंची बॉटम, त्याच्याच हट्टानं. बाजाराच्या दिवशी तो बॉटम सायकलच्या चेनमध्ये अडकला आणि भर रस्त्यात कापून सोडवावा लागला. खाली लिहिलं होतं, "आता गिऱ्हाइकाले आधी सायकल हाय का विचारतो."

तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार असाच. मी लिहायचो, "बॉटम बावीसवर आला." ते लिहायचे, "इथं अजून चोवीस. आई बरी." मग वीस, मग सरळ पाय, मग पुन्हा नळी. लग्न झालं, खोली घेतली, मुलं झाली, आणि गावी जाणं लांबत गेलं. पत्रं मात्र मापांनी भरलेली असायची, म्हणून मला वाटत राहिलं की सगळं सांगून होतंय.

एका कार्डावर मात्र फॅशनचा शब्द नव्हता. "तुही कंबर आता किती? माप धाड." एवढंच.

बाबांनी मला कधी टेप लावली नव्हती. मी समोरून गेलो की त्यांना कळायचं. आणि मी तीन वर्षांत समोरून गेलो नव्हतो. मी माप लिहिलं नाही. रजा टाकली आणि थेट ओट्यासमोर जाऊन उभा राहिलो. बाबांनी चष्मा वर केला.

"चौतीस," म्हणाले. "बस. जेवला का?"

आता ते नाहीत. जीन तयार मिळते, आकडा आत छापलेला असतो. दुकानातल्या त्या इवल्या खोलीत ती चढवली की सगळे आरशात बघतात. मी दाराबाहेर येऊन उभा राहतो. बायको विचारते, "कोणाला दाखवताय?"